होम ओक
(लॅ. क्वेर्कस आयलेक्स, कुल-फॅगेसी). भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातील सदापर्णी वृक्ष. याची पाने ‘हॉली’ या काटेरी पानांच्या झाडासारखी दिसतात. ‘आयलेक्स’ हे रोमन लोकांनी याच ओकला दिलेले नाव. पुढे वनस्पतिशास्त्रात ते हॉलीच्या प्रजातीस लावले गेले. दोहोंची कुले मात्र भिन्न आहेत.

वृक्ष सु. २०–२५ मी. उंच व घुमटाकार माथ्याचा असून साल काळसर, लहान चौकोनी तुकड्यांत तडकलेली असते. पाने साधी, एकाआड एक, चिवट, वरून गडद हिरवी व चकचकीत, खालून करड्या लवेने झाकलेली. रोपांवरील व बुंध्याजवळच्या फुटव्यांवरील पानांच्या कडा काटेरी, तर उंच फांद्यांवरील पानांच्या बहुधा अखंड असतात. शेळ्यांचे तोंड पोहोचते तेथेच काटे असावेत, हे लक्षणीय आहे. पुं-पुष्पे लोंबत्या नतकणिशांवर येतात. पेल्यात बसलेले एकबीजी फळ त्याच वर्षी शरद ऋतूत पिकते. लाकूड कठीण व जड असून कोळशाकरिता उत्तम. स्पेनमध्ये या ओकच्या विरळ राईत डुकरे फळांवर पोसतात. मात्र गेल्या काही दशकांत मुळे कुजविणारी बुरशीसदृश फायटोफ्थोरा व अवर्षण यांमुळे तेथील पुष्कळ झाडे वाळली आहेत.

हा वृक्ष अवर्षण सोसतो, म्हणून तो दख्खनच्या कोरड्या पठारावर वाढेल, असे मानणे योग्य नाही. नेवासे तालुक्यातील घोडेगावच्या (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) परिसरात पाऊस कमी पडतो, तसाच तो स्पेनच्या अंतर्भागातही पडतो, फरक ऋतूचा आहे. भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात येतो. तेथील सौम्य थंडीत अन्न तयार करण्यास पाने झाडावर असावी लागतात, आणि कोरडा उन्हाळा काढण्यासाठी ती जाड व लवदार असावी लागतात. आपल्याकडे पाणी व ऊब पावसाळ्यात एकत्र येतात. म्हणून पळस, साग यांसारख्या झाडांना दरवर्षी नवी पाने काढून उन्हाळ्यापूर्वी टाकून देणे परवडते. सह्याद्रीतही ओकची एकही जाती निसर्गतः आढळत नाही.

भारतातील याचा निकटचा आप्त म्हणजे ‘बलूत’ (क्वे. बलूत). काश्मीर व हिमाचल प्रदेशातील सतलजच्या कोरड्या खोऱ्यात तो वाढतो; तेथेही हिवाळी पाऊस व बर्फ मिळते. पूर्वीच्या ग्रंथांत तो होम ओकमध्येच गणला जाई. आता स्वतंत्र जाती मानतात.

महाराष्ट्रातील घरांत ओकचा प्रवेश मात्र बाळगुटीतून फार पूर्वीच झाला आहे. तीत उगाळले जाणारे मायफळ हे फळ नसून पश्चिम आशियातील दुसऱ्या एका ओकवरील (क्वे. इन्फेक्टोरिया) गाठ होय. एक लहान गांधीलमाशीसारखा कीटक कोवळ्या कळीत अंडे घालतो व त्याभोवती ही गाठ वाढते. तीत टॅनिनाचे प्रमाण सु. ५०–७० टक्के असल्याने ती तुरट लागते. गाठीवर बारीक छिद्र दिसल्यास आतील कीटक बाहेर पडून गेला आहे असे समजावे. असे मायफळ हलके व कमी प्रतीचे मानतात.