रक्ताची तपासणी आणि विम्याचा कागद

गेल्या पावसाळ्यांत आमच्या थोरल्या काकूंस ताप आला. कर्जत-खालापूरकडे आषाढ-श्रावणांत ताप येणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. खाचरांत चिखल, उल्हास आणि पाताळगंगा दुथडी भरलेल्या, घरोघर ओल. अशा वेळीं हिंवताप, डेंग्यू आणि लेप्टो हे तिन्ही पाहुणे एकाच सुमारास येतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांची चेहरेपट्टी इतकी सारखी असते कीं, रक्त तपासल्यावांचून अनुभवी डॉक्टरासही खात्रीनें कांहीं सांगतां येत नाहीं. काकूंचा ताप आठ दिवस उलटले तरी हटेना, तेव्हां डॉक्टरांनीं पांच-सात तपासण्या लिहून दिल्या.

आमचें दहिवलीचें घर एकत्र कुटुंबाचें, आणि विम्याचा हप्ता दरसाल न चुकतां भरलेला. काकूंच्या धाकट्या चिरंजीवांनीं शक्कल काढली : "आईला एक दिवस रुग्णालयांत ठेवूं, म्हणजे तपासण्यांचा खर्च कंपनी देईल." त्याप्रमाणें एका खासगी रुग्णालयांत त्या रात्रभर खाटेवर पडून राहिल्या. रक्त दिलें, छातीचें छायाचित्र झालें, सोनोग्राफी झाली. दुसऱ्या दिवशीं घरीं आल्यावर संध्याकाळीं अहवाल हातीं पडला. साधा हिंवताप! गोळ्या त्यांनीं घरींच घेतल्या व बऱ्या झाल्या. पंधरवड्यानें कंपनीचें उत्तर आलें, त्यांत दोनच ओळी होत्या : केवळ तपासणीसाठीं दाखल झाल्याचा खर्च देय नाहीं.

घरांत व्हावयाचा तो संताप झाला. पण आमच्या दादांनीं चष्मा लावून विम्याचा करार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला. (हप्ता भरूं लागल्यापासून तो कोणीं प्रथमच वाचला असावा.) कलम तेथें होतेंच. तें त्या कंपनीनें पदरचें घातलेलें नव्हतें. विमाधंद्याचा मूळ कायदा 1938 सालचा. 1999 च्या कायद्यानें स्वतंत्र नियामक प्राधिकरण आलें, आणि या प्राधिकरणानें आरोग्यविम्यांतील वगळलेल्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांस एकसारखी करून दिली. मुख्यतः निदान व तपासणी एवढ्याचसाठीं झालेला रुग्णालयवास ही त्यांतीलच एक बाब. तेव्हां चूक आमचीच होती, हें कबूल केलें पाहिजे.

तरी पण ही चूक आमच्या हातून कां झाली? सर्वसाधारण आरोग्यविमा माणूस खाटेवर पडल्याखेरीज जागा होत नाहीं, म्हणून. 1 एप्रिल 2020 पासून प्रत्येक कंपनीस विकणें भाग पडलेली 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाण योजना घ्या. उपचारासाठीं निदान चोवीस तास दाखल व्हावें लागतें. तसें झालें, तर त्याच आजारासाठीं दाखल होण्यापूर्वींच्या 30 आणि घरीं सोडल्यानंतरच्या 60 दिवसांतील तपासण्यांचा खर्चही हिशेबांत धरतात. म्हणून तापाच्या पहिल्या दिवसापासूनची चिठ्ठी, पावती व अहवाल जपून ठेवावे. पण जो वेळींच रक्त तपासून घरींच बरा होतो, त्याच्या पदरांत कांहीं नाहीं. दुखणें वाढूं न देणाऱ्यास दंड आणि वाढूं देणाऱ्यास भरपाई, असा हा उफराटा न्याय आहे. याहून शहाणपणाची वाट आपल्याच देशांत 1948 सालीं कामगार राज्य विम्याच्या कायद्यानें दाखविली होती. त्यांत दाखल न होतांही तपासणी मिळण्याची सोय ठेवलेली होती. खोपोलीच्या कारखान्यांतील जुन्या कामगारांस ती ठाऊक असेल.

सरकारी योजनेविषयीं आपल्या वर्गांत विलक्षण अज्ञान आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजीं प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. पुढें 2017 सालीं तिला महात्मा जोतिबा फुले यांचें नांव मिळालें. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची ती गोष्ट, आपला तिच्याशीं काय संबंध, असें म्हणून आपण ती सोडून दिली. परंतु जुलै 2023 च्या शासननिर्णयानें पांढऱ्या शिधापत्रिकेचीं कुटुंबेंही तींत आलीं आणि मर्यादा कुटुंबामागें वर्षास दीड लाखावरून पांच लाखांवर गेली. ठरलेल्या उपचाराच्या दरांतच रक्ततपासणी, क्ष-किरण, औषध आणि जेवण धरलेलें असतें. घरीं परतण्याचें एस. टी. किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचें भाडेंसुद्धां! मात्र येथेंही अट तीच : यादींतील उपचार आणि मान्य रुग्णालय.

मग नुसत्या तपासणीचें काय? कर्जतचें उपजिल्हा रुग्णालय, कशेळें व चौक येथील ग्रामीण रुग्णालयें आणि नेरळसारखीं आरोग्य केंद्रें यांचा उपयोग आपण करीत नाहीं. 'महालॅब' योजनेखालीं 2017 पासून अशा ठिकाणीं घेतलेलें रक्त प्रयोगशाळेंत पाठवून विनामूल्य तपासलें जातें, आणि 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपराचेंही शुल्क उरलेलें नाहीं. तेथें रांग असते, हें खरें. पण रांगेस भिऊन आम्हीं जें बिल भरलें, त्यांत काकूंच्या दोन काशीयात्रा झाल्या असत्या.

खासगी प्रयोगशाळेंत जाणारांनीं एवढें अवश्य पाहावें कीं, अहवालाखालीं सही कोणाची आहे. विकृतिशास्त्राची पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरानेंच ती करावी, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर 2017 मध्यें सांगितलें आहे. आणि रास्त मागणी कंपनीनें नाकारलीच, तर प्रथम तिच्याच तक्रारनिवारण अधिकाऱ्यास लिहावें. तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावें. तेथें वकील लागत नाहीं, फीही पडत नाहीं. आम्हीं गेलों नाहीं. आमची मागणी रास्त नव्हती.

यंदा श्रावणांत आरोग्यसेविका आमच्या आळींत आली. घरांत कोणास ताप आहे काय, असें तिनें विचारलें. काकूंस आदल्या रात्रीं थोडी कणकण होती. तिच्याजवळची सुई पाहून मुलें माजघरांत पळालीं. काकूंनीं मात्र पदरास हात पुसला आणि बोट पुढें केलें.