साठ किलोंत एक युनिटही नाही

जुळे सोलापुरात मे महिन्यातल्या दुपारी लाइट गेली की घरोघरचे इन्व्हर्टर कामाला लागतात. शेजारी ट्युब्युलर बॅटरी असते: वर सहा झाकणं, पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट, आणि लेबलवर 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास), सी20. ऍसिडसकट वजन साधारण 60 किलो.

गुणाकार सोपा. 12 गुणिले 150 म्हणजे 1,800 वॉट-तास, 1.8 युनिट. चार पंखे, टीव्ही आणि तीन एलईडी दिवे मिळून लोड 360 वॉट धरा. भागाकार सांगतो, पाच तास चालेल. प्रत्यक्षात अडीच तासांतच इन्व्हर्टर ओरडायला लागतो.

पहिली मेख ‘सी20’मध्ये आहे. साडेसात अँपिअरनं, 20 तास सावकाश वापरली तरच 150 एएच मिळतात. इन्व्हर्टरची घट धरून आपला लोड 35 अँपिअर ओढतो. एवढ्या घाईत ऍसिडला प्लेटांच्या छिद्रांत पोचायला सवड मिळत नाही. हा हिशेब जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्टनं 1897 मध्येच मांडला होता. दीडशेचे 110 उरले, म्हणजे 1,320 वॉट-तास. दुसरी मेख: बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते. 80 टक्केच वापरली तर 1,056. इन्व्हर्टर त्यातले 15 टक्के स्वतःच खातो. हाती उरतात सुमारे 900 वॉट-तास, पाऊण युनिटाहून थोडे जास्त. बॅटरी जास्त वर्षं टिकावी म्हणून निम्मीच वापरायची ठरवली, तर 560.

900 वॉट-तास म्हणजे 32 लाख ज्यूल. साधारण 100 मिलिलिटर पेट्रोल जाळलं तरी तेवढीच उष्णता निघते. याच ऊर्जेनं छतावरची 1,000 लिटरची टाकी 330 मीटर उंच उचलता येईल, शंभर मजल्यांच्याही वर.

आता दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या फताटेवाडीजवळचं एनटीपीसीचं वीज केंद्र घ्या. 660 मेगावॉटचे दोन संच, एकूण 1,320 मेगावॉट. पूर्ण क्षमतेनं चाललं तर सेकंदाला 367 युनिट. ‘एक’ म्हणेपर्यंत अशा 400 बॅटऱ्यांची वीज तयार! त्याची फक्त एका तासाची वीज साठवायची म्हटलं तर बॅटऱ्या लागतील 14 लाख 67 हजार. 2011च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. म्हणजे तान्ह्या बाळासकट माणशी दीड बॅटरी. वजन 88 हजार टन. प्रत्येकीची लांबी अर्धा मीटर धरून रुळांलगत ओळीनं मांडल्या, तर रांग सोलापूरहून मुंबई गाठेल आणि परतताना पुणे मागे टाकून दौंडच्याही पुढे येईल.

त्यात सोलापूरचं ऊन. 25 अंशांच्या वर दर दहा अंशांमागे लेड-ऍसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. म्हणून पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी लवकर दगा देते.

वाढीव बॅकअपसाठी आपण दुसरी बॅटरी घ्यायला धावतो. त्याआधी पंखे पाहावेत. 70 वॉटच्या चार पंख्यांऐवजी 28 वॉटचे बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचे) बसवले तर लोड 192 वॉटवर येतो आणि प्रवाह 19 अँपिअरवर. सावकाश ओढल्यामुळे त्याच बॅटरीतून आता 125 एएच निघतात. पाच तासांहून जास्त बॅकअप मिळतो, आणि युनिटही पुरं भरतं.