करडईच्या बोंडातली सरमिसळ

शेतकी पदविकेचं कुठलंही मराठी पुस्तक उघडा. सेंद्रिय खतांच्या प्रकरणात तीन नावं हमखास भेटतात: इंदूर पद्धत, बंगलोर पद्धत आणि पुसदच्या नाडेपकाकांची नाडेप. इंदूर पद्धतीसमोर अल्बर्ट हॉवर्ड हे नाव असतं. 1924 साली होळकर संस्थानच्या जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लान्ट इंडस्ट्री’ उभी राहिली, तिचे हे संचालक. 1931 मध्ये कंपोस्टवरचं त्यांचं पुस्तक निघालं. त्याचे सहलेखक यशवंत वाड हे संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ. गांधीजी 1935 साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले, तेव्हा या कंपोस्टची चर्चा ‘हरिजन’मध्ये झाली. तेव्हापासून इंदूर म्हणजे खताचा खड्डा, हे समीकरण पक्कं बसलं.

त्या खड्ड्यात एक वनस्पतिशास्त्रज्ञ पार बुजून गेली. तिचं नाव गॅब्रिएल हॉवर्ड, माहेरची मॅथाई. जन्म 1876 चा, शिक्षण केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात. तिथे फ्रेडरिक ब्लॅकमन यांच्या प्रयोगशाळेत पानं प्रकाशात ठेवून ती कार्बन डायऑक्साइड किती शोषतात हे ती मोजत बसे. तापमान वाढलं की प्रकाशसंश्लेषण कसं बदलतं, यावरचा तिचा 1904 चा निबंध आजही वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात उल्लेखला जातो. 1905 मध्ये ती मुंबईला उतरली, इथेच तिचं अल्बर्टशी लग्न झालं आणि जोडपं बिहारातल्या पुसाला गेलं. नवरा ‘इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट’. हिला 1910 मध्ये त्याचीच ‘पर्सनल असिस्टंट’ म्हणून नेमलं! केंब्रिजची संशोधक, आणि पदनाम असं. तीन वर्षांनी तिला दुसऱ्या इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्टचं पद मिळालं आणि कैसर-ए-हिंद सुवर्णपदकही.

पुसाचा गहू या दोघांनी गाजवला. पण मला ओढ आहे ती त्यांच्या करडईची. 1915 साली हॉवर्ड दांपत्य आणि त्यांचे सहकारी अब्दुर रहमान खान यांनी भारतीय तेलबियांवरचा निबंध छापला. विषय करडई आणि मोहरी.

करडई म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातली. झेंडू, शेवंती, कारळे, माका, एकदांडी, सह्याद्रीच्या पठारांवरची सोनकी, आणि रस्त्याकडेचं ते नतद्रष्ट गाजरगवत, सगळी याच गोतावळ्यातली. या कुळाची गंमत अशी की आपण ज्याला फूल म्हणतो ते फूल नसतंच. ती फुलांची भरलेली सभा असते. माझं आजोळ मराठवाड्यातलं. तिथे ज्वारीच्या कडेने करडईच्या चार-सहा ओळी पेरत, गुरं आत शिरू नयेत म्हणून. काढणीला बायका हाताला फडकी गुंडाळत. त्या काट्यांमुळे लहानपणी कधी बोंड हातात धरून पाहिलंच नाही. पाहिलं ते पुष्कळ उशिरा, दहापट भिंग घेऊन.

बोंड मधोमध चिरलं की बैठकीवर दाटीवाटीने उभ्या पिवळ्या नळ्या दिसतात. एकेक नळी म्हणजे एक पूर्ण फूल, आणि एका बोंडात अशी वीसपासून शंभरापर्यंत. उमलण्याचा क्रम कडेकडून मधे. नळीच्या तोंडाशी पाच परागकोश कडेने एकमेकांना चिकटून त्यांचीच एक बारीक नळी झालेली असते. सकाळी आतला कुक्षीवृंत लांबत जातो आणि त्या परागनळीतून बाटली धुवायच्या ब्रशसारखा वर सरकतो. बाहेर येतो तो स्वतःच्याच परागाने माखून. म्हणजे लग्न घरातल्या घरात उरकलं. पण पूर्णपणे नाही. कुक्षीला पुरेसा पराग लागला नसेल तर ती वाट बघते, आणि शेतात मधमाश्या काही कमी नसतात. संध्याकाळी बोंड कोमेजायला लागलं की पिवळ्याचं केशरी, केशऱ्याचं लाल होतं. हाच तो कुसुंबी रंग, ज्याच्यासाठी हे पीक हजारो वर्षं पेरलं गेलं. इजिप्तमध्ये ममींच्या हारांत करडईच्या पाकळ्या सापडल्या आहेत. कृत्रिम रंग आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा व्यापार बसला. उरलं ते तेल.

हॉवर्डांपुढचा पेच या फुलातूनच आला. देशभरातून मागवलेलं करडईचं बियाणं पेरलं तर एकाच वाफ्यात काटेरी, बिनकाट्याची, पिवळी, पांढरी, केशरी, उंच, ठेंगू, सगळी खिचडी. चांगलं झाड निवडून त्याचं बी वेगळं पेरलं, तरी पुढच्या पिढीत पुन्हा वेगळं काही उगवे. त्याचं कारण शेजारच्या ओळीत हिंडणाऱ्या माश्या. भारतीय पिकांत नैसर्गिक संकर किती होतो आणि त्याचा शेतीवर काय परिणाम होतो, यावर या तिघांनी 1910 मध्येच स्वतंत्र निबंध लिहिला होता. त्यामुळे करडईच्या बाबतीत त्यांनी आधी फुलावर पिशवी बांधली आणि मग शुद्ध वाण वेगळे काढले. माझ्या मते गॅब्रिएलचं मोठं काम हेच. शेतकऱ्याच्या कणगीतलं बी हे एक वाण नसून संकराने सतत ढवळली जाणारी लोकसंख्या आहे, हे आपल्या देशी पिकांत ओळी मोजून दाखवलेलं पाहायला मिळतं ते इथे. उत्क्रांती म्हटलं की आपण डायनासोरकडे बघतो. ती बांधावर चालू असते.

पुढे मराठी माणसांनी हा धागा धरला. 1942 मध्ये कदम आणि पाटणकर यांनी करडईतल्या परपरागीकरणाची मोजदाद छापली. 1952 मध्ये र. ब. देशपांडे यांनी रानकरडईवर लिहिलं. पंजाब-हरियाणाकडे तिला पोहली म्हणतात. ती रेताड, कोरड्या जमिनीतलं तेलपीक होऊ शकेल, असा त्यांचा विचार होता. ही रानकरडई आणि आपली करडई यांची गुणसूत्रं सारखीच, 24. दोघींचा संकर सहज होतो. मात्र आपल्या करडईची खरी आई पोहली नव्हे. पश्चिम आशियातली दुसरी एक रानजात, पॅलेस्टिनस, हिच्याकडे डीएनएचा पुरावा बोट दाखवतो. आणखी एक शाखा बघा: याच वंशात 44 आणि 64 गुणसूत्रांच्या जाती आहेत. 24 आणि 20 वाल्या एकत्र आल्या, गुणसूत्रं दुप्पट झाली, 44 ची जात उभी राहिली. तिच्यात पुन्हा 20 वाली मिसळून 64 ची झाली. बेरीज करून बघितली तर शाळेतल्या मुलालाही पटेल. संकराला आपण भेसळ म्हणतो, आणि या कुळात तर त्यातूनच नवी जात जन्मते.

याचं अगदी अलीकडचं उदाहरण आपल्या सोनकीच्या वंशातलं, सेनेशिओतलं. सिसिलीच्या एटना ज्वालामुखीवरच्या दोन जातींच्या संकराचं रोप ऑक्सफर्डच्या बागेत आणलं गेलं, तिथून ते निसटलं आणि रेल्वेच्या खडीवरून इंग्लंडभर पसरलं. यॉर्क शहरात तिथल्या जुन्या तणाशी त्याची गाठ पडली आणि 1979 मध्ये एक नवीच जात आढळली. सेंट अँड्र्यूज विद्यापीठातले रिचर्ड ॲबट यांनी तिचा पाठपुरावा केला. 2003 मध्ये तिचं रीतसर वर्णन झालं. पण तोवर ती रस्त्यावरून नाहीशी झाली होती. 2023 मध्ये ती पुन्हा यॉर्कच्या मातीत आली, कारण बीजपेढीत कुणीतरी तिचं बी ठेवलं होतं.

इंदूरकडे परत येऊ. गॅब्रिएल 1930 च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला वारली. पुढच्याच वर्षी अल्बर्टनी इंदूर सोडलं. पण संस्थेतली आनुवंशशास्त्राची परंपरा थांबली नाही. 1933 ते 37 जोसेफ हचिन्सन इथे होते. कापसाच्या उत्क्रांतीवरचं त्यांचं पुढचं मोठं काम इथल्या शेतांत आकाराला आलं. त्यांच्याबरोबर विनायक गोविंद पानसे होते. संख्याशास्त्रज्ञ सुखात्म्यांबरोबर पानशांनी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्यांनी वापरलं आहे. आज त्या परिसरात कृषी महाविद्यालय आहे, आणि करडईच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं एक केंद्रही. इथून जवाहर करडईचे वाण निघाले, त्यांत बिनकाट्याचेही.

बिनकाट्याची करडई काढणं वाटतं तितकं सोपं नाही. काटा हा प्रबळ गुण. संकरित वाण बिनकाट्याचा हवा तर आईबाप दोघेही बिनकाट्याचे लागतात. शिवाय हाताने खच्चीकरण करायचं तर आदल्या संध्याकाळी चिमट्याने एकेका नळीतून परागकोश उपटायचे, बोंडात साठ नळ्या असतील तर साठदा. म्हणून नरवंध्य झाडांचा आधार घ्यावा लागतो, त्यातही मादी ओळीतली निम्मी झाडं परागक्षम निघतात, ती फुलाच्या सुरुवातीला ओळखून उपटून टाकायची. हे सगळं पार करून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 2001 मध्ये ‘नारी-एनएच-1’ दिला. जगातला पहिला बिनकाट्याचा संकरित करडई वाण. ही संस्था बनबिहारी निंबकरांनी 1968 मध्ये काढली. जगातला पहिला म्हणून मिरवावं असं काम फलटणसारख्या तालुक्याच्या गावात झालं, आणि सातारा जिल्ह्याबाहेर किती जणांना ते ठाऊक असेल, मला शंका आहे.

आणि गावरान खिचडीचं काय? कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला पॉल्डेन नोल्स यांनी देशोदेशीचं बियाणं पेरलं. करडईच्या तेलात एरवी लिनोलिक आम्ल तीन चतुर्थांश असतं. पण भारतातून गेलेल्या एका बियाण्यात उलट निघालं, ऑलिव्हच्या तेलासारखं ओलिक आम्ल भरपूर. त्या गुणावर 1966 मध्ये ‘यूसी-1’ हा वाण आला आणि तळणाला टिकणाऱ्या उच्च-ओलिक करडई तेलाचा व्यवसाय उभा राहिला. ते बी इथल्याच कुणा शेतकऱ्याच्या कणगीतलं असणार. त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही.

गेल्या चाळीस वर्षांत भारतातली करडई कित्येक लाख हेक्टरांवरून फार थोड्या क्षेत्रावर आली. बांधाच्या ओळी गेल्या, हरभरा-सोयाबीन आले. मधल्या काळात गावरान काटेरी करडईचं बी किती कणग्यांतून कायमचं संपलं असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. तुमच्या घरी, आजोळी, मामाच्या शेतात अजून जुनी करडई पेरत असतील तर मूठभर बी निवडू-पाखडू नका, जसं आहे तसं मिश्रच ठेवा. कुठल्या गावचं, किती वर्षांपासून घरात आहे, हे चिठ्ठीवर लिहा आणि अकोल्याच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या केंद्रात किंवा सोलापूरच्या करडई संशोधकांकडे पोहोचवा. थंडीत फूल येईल, त्याच्या आधी.