वाढ कुणाच्या पानात?

राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे प्रसिद्ध झाले, की दिल्लीत समाधानाचे सूर उमटतात. ते उमटू नयेत असे आम्ही म्हणणार नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसणारा हा देश आज जगात सर्वाधिक तांदूळ निर्यात करतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण मराठीत ‘वाढणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. रोप वाढते, तसा पंगतीत भातही वाढला जातो. सरकारी अहवाल पहिल्या अर्थाने ओसंडून वाहतात. दुसऱ्याविषयी ते फारसे बोलत नाहीत.

हिशेब सोपा आहे. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल पाहणीनुसार देशातील काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोक शेतीवर राबत होते. राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभर माणसांच्या पंगतीत शंभर मुदी भात आला, तर शेतकरी-शेतमजुरांच्या ४६ पानांवर मिळून अवघ्या १८ मुदी पडल्या. उरलेल्या ८२ मुदी ५४ जणांच्या वाट्याला गेल्या. त्या ५४ जणांतही बंदरावरचा हमाल आणि बँकेचा अधिकारी एकाच रांगेत मोजलेले आहेत, हे वेगळेच.

चिंतेची बाब अशी, की हे प्रमाण उतरणीला लागले होते. २०१८-१९ मध्ये ते ४२.५ टक्के होते. २०२० च्या टाळेबंदीत शहरांनी हात झटकले, माणसे रस्ते तुडवीत गावी परतली आणि अनेकांना गावच्या जमिनीनेच पोटाशी धरले. जमीन तेवढीच, वाटेकरी अधिक. यालाच रोजगारवाढ म्हणायचे, तर एका खाटेवर चौथा माणूस निजला म्हणून घर मोठे झाले असेही म्हणता येईल!

स्त्रियांची गोष्ट याहून बोलकी आहे. १५ वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला, याचा बराच गाजावाजा झाला. परंतु त्यांत फार मोठी संख्या घरच्या शेतात वा दुकानात विनामोबदला राबणाऱ्यांची आहे. त्यांतील कित्येकजणी पूर्वीही राबतच असतील. नोंद तेवढी आता झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. घरात शेवटी कोण जेवते, हे सांगायला आणखी आकडे नकोत.

दरडोई उत्पन्नात देशात अग्रभागी असलेल्या गोमंतकाला हे दूरचे वाटेल. तसे ते नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनची मागणी वाढली आणि पूर्वी टाकाऊ मानलेले हलक्या प्रतीचे खनिज मुरगावातून जहाजे भरभरून गेले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतील कितीतरी तरुणांनी कुळागर-शेतीकडे पाठ फिरवून कर्जाने ट्रक घेतले. खाणींची लाल माती ओहोळांत आणि तेथून शेतांत उतरली. राज्याच्या उत्पन्नात त्या वर्षांची वाढ डोळ्यांत भरण्याजोगी होती. शेत बुडाल्याची वजाबाकी त्यात कोणी केली नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मध्यंतरी थोडे चलनवलन झाले, पण २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही. कायदा धाब्यावर बसविणारे निराळे होते. ट्रक अंगणात गंजले, हप्ते मात्र थांबले नाहीत. परतायला शेत होते, पण त्यात गाळ होता.

लिलावानंतर २०२४ पासून खाणकाम पुन्हा सुरू होऊ लागले आहे. खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद केंद्रीय कायद्यात २०१५ मध्येच झाली. त्या निधीवर पहिला हक्क या शेतांचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सभागृहे आणि कमानी मागाहून बांधता येतील. गाळ उपसणे, ओहोळ मोकळे करणे, फुटलेले बांध घालणे ही कामे आधी घ्यावीत आणि त्यांचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा. ट्रकांची रांग पुन्हा लागण्याच्या आत हे व्हायला हवे होते. निदान येत्या पावसाळ्यापूर्वी तरी ते व्हावे.