आवड आणि पारख

चित्रपटगृहाचे दार उघडते, प्रेक्षक बाहेर येतात आणि रस्त्याला लागण्यापूर्वीच प्रत्येकाचे मत तयार झालेले असते. “झकास होता!” असे एक म्हणतो, “छे, सगळी पोरकट करामत!” असे दुसरा म्हणतो. दूरचित्रवाणीपुढे बसलेल्या घरांतही हेच घडते. अशी मते बोलून दाखविण्यात वावगे काही नाही. एकाला कारल्याची भाजी रुचते, दुसऱ्याला रुचत नाही. वाद घालून कोणी कोणाची जीभ बदलू शकत नाही. परंतु ‘मला आवडले’ आणि ‘ते चांगले आहे’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्याला कारण द्यावे लागत नाही. दुसऱ्याला द्यावे लागते. आवडीला कारणांची जोड मिळाली, म्हणजे तिची पारख होते.

अचाट शक्तीच्या नायकांचे चित्रपट आज जगभर पाहिले जातात. त्यांतील एक जुना नायक सुपरमॅन याचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोन शाळासोबती राहत. एक कथा लिही, दुसरा चित्रे काढी. त्यांचा नायक अनेक प्रकाशकांनी नाकारला. अखेर १९३८ साली ‘अॅक्शन कॉमिक्स’ या चित्रकथांच्या मासिकाच्या पहिल्या अंकात तो अवतरला. १९४० मध्ये तो नभोवाणीवर आला, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर. आणि १९७८ साली त्याच्यावर मोठा चित्रपट निघाला.

आता आपल्या मतांकडे वळू. “माणूस कधी उडतो काय? सगळे खोटे!” हे पहिले मत. खोटे तर खरेच; पण ते खरे भासावे म्हणून किती बुद्धी खर्ची पडली, हे कळल्यावर आपण निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. १९७८ च्या चित्रपटात ख्रिस्तोफर रीव्ह या नटाला उंचावर तोलून धरीत आणि त्याच्या मागील पडद्यावर आकाशाचे चलच्चित्र पाडीत. झोरान पेरिसिक या तंत्रज्ञाने प्रक्षेपक आणि छायाचित्रण करणारा कॅमेरा या दोहोंना अशी भिंगे बसविली की, ती एकाच वेळी आणि एकाच प्रमाणात दृश्य लहानमोठे करीत. त्यामुळे मागचे आकाश जसेच्या तसे दिसे. नट मात्र झेपावत जवळ येत आहे, असा भास होई. या चित्रपटाच्या दृश्यकरामतींना १९७९ साली ऑस्करचा विशेष पुरस्कार मिळाला.

“यात मारामारीखेरीज आहे काय?” हे दुसरे मत. पुष्कळ चित्रपटांच्या बाबतीत ते योग्यही असते. पण बळ कोणाविरुद्ध आणि कोणासाठी वापरले, हे पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये. त्या काळी अमेरिकेत कू क्लक्स क्लॅन नावाची संघटना वर्ण आणि धर्म यांवरून माणसांचा द्वेष करी. १९४६ साली सुपरमॅनच्या नभोवाणी मालिकेने सोळा भागांची एक कथा सादर केली. तीत एका चिनी कुटुंबातील मुलगा बेसबॉलच्या संघात जागा मिळवितो. जागा गमावलेल्या मुलाच्या रागाचा फायदा घेऊन त्या संघटनेसारखीच एक टोळी त्या कुटुंबाच्या जिवावर उठते. सुपरमॅन टोळीचा बीमोड करतो. शाळेतून आल्यावर ही कथा ऐकणाऱ्या मुलांना मनोरंजनाबरोबर एक शहाणपणही लाभले. जो आपल्यासारखा दिसत नाही, तोही आपल्याच संघातला होय.

आणखी एक गोष्ट आहे. ती पडद्यावर दिसत नाही. म्हणून आपल्या मतातही येत नाही. सीगल आणि शुस्टर यांनी आपल्या नायकाचे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलरना विकले होते. पुढे त्या नायकाने इतरांना अमाप धन मिळवून दिले. निर्माते मात्र हलाखीत दिवस कंठीत राहिले. शुस्टरची दृष्टी अधू झाली. मोठ्या चित्रपटाची तयारी सुरू झाल्याचे कळताच सीगलने जाहीर तक्रार केली. इतर चित्रकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि लोकमतही त्यांच्याकडे झुकले. १९७५ साली कंपनीने दोघांना प्रत्येकी वार्षिक २०,००० डॉलर देण्याचे, तसेच निर्माते म्हणून त्यांची नावे छापण्याचे मान्य केले. दुबळ्यांना न्याय देणारा नायक ज्यांनी निर्मिला, त्यांना स्वतःला न्याय मिळण्यास सदतीस वर्षे लागली. तो मिळाला, तो प्रेक्षक आणि वाचक यांच्या मतालाही वजन होते म्हणून.

तेव्हा मत द्या, निःसंकोच द्या. चित्रपट आवडला नाही तर तसे स्पष्ट सांगा. मात्र ते देण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा: हे कसे केले? यातून काय सांगितले? आणि हे कोणाच्या श्रमाचे फळ आहे? शेवटी नावांची लांबलचक यादी सरकू लागते, तेव्हा आपण घाईने उठतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या यादीतच असते.