कारखान्यातले संगणक (लेखांक ६) : थिन क्लायंटची सेटिंग्ज

थिन क्लायंट हा स्वतःजवळ फारसे काही न साठवणारा संगणक असतो. हातात मावेल एवढा डबा, त्याला पडदा, कळफलक, माऊस आणि नेटवर्कची तार जोडलेली. खरे काम दूरच्या सर्व्हरवर चालते. दाबलेली कळ तिकडे कळवली जाते आणि पडद्याचे बदललेले चित्र परत येते. रेल्वेच्या आरक्षण खिडक्यांवर हीच पद्धत १९८०च्या दशकापासून रुळली. खिडकीवर टर्मिनल आणि हिशेब मुंबई-दिल्लीच्या केंद्रावर, अशी ती मांडणी होती.

अहिल्यानगर शहराला लागून, मनमाड रस्त्यावर असलेल्या नागापूर एमआयडीसीसारख्या वसाहतीत या डब्याचे गुण चटकन पटतात. बहुतेक थिन क्लायंटमध्ये पंखा नसतो आणि फिरणारी हार्ड डिस्कही नसते, त्यामुळे लोखंडाचा कीस आणि तेलकट धूळ आत खेचली जात नाही. वीज साधारण दहा-पंधरा वॅट लागते, म्हणून छोट्या यूपीएसवरही तो बराच वेळ तग धरतो. एखादा बिघडला तर दुसरा लावायचा आणि काम पुढे चालू ठेवायचे. पण दुसरा डबा लावताच चालू होईल की नाही, हे सेटिंग्ज कुठे ठेवली आहेत यावर अवलंबून असते. सर्व्हर गाठण्यापुरते डब्यात आणि बाकी सगळे मध्यवर्ती जागी, हेच इथले मूळ सूत्र आहे. प्रत्येक डबा हाताने वेगवेगळा सजवला, तर थिन क्लायंट घेण्याचा निम्मा फायदा तिथेच संपतो.

सुरुवात बायोसपासून होते. बायोसला पासवर्ड द्यावा, डबा फक्त स्वतःच्या अंतर्गत मेमरीतून किंवा नेटवर्कवरून सुरू व्हावा आणि पेन ड्राइव्हवरून सुरू होण्याची वाट बंद करावी. वीज गेल्यावर काय करायचे, याचे एक सेटिंग बायोसमध्येच असते आणि नेमके तेच बहुतेकदा तसेच राहून जाते. ते ‘वीज येताच चालू’ असे ठेवावे. नाहीतर रात्रपाळीत लाइट जाऊन आली की भिंतीवर उंच बसवलेल्या डब्याचे बटण दाबायला शिडी शोधावी लागते.

वीज परतताना आणखी एक अडचण दबा धरून असते. थिन क्लायंट अर्ध्या मिनिटात जागा होतो, पण नेटवर्कचा स्विच तयार व्हायला मिनिट-दोन मिनिटे घेतो. स्विच चालूच असला तरी त्याच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री ही फेरा टाळणारी व्यवस्था असेल, तर तार जिवंत झाल्यावर सुमारे तीस सेकंद पोर्ट काही पुढे जाऊ देत नाही. तेवढ्यात डबा आयपी पत्ता मागून थकतो आणि ‘नेटवर्क नाही’ असे सांगून थांबतो. दोष डब्याचा वाटतो, उपाय मात्र स्विचवर करावा लागतो. ज्या पोर्टला फक्त थिन क्लायंट जोडलेला आहे, तिथे ही वाट पाहणे टाळणारे पोर्टफास्ट चालू करावे. स्विचलाही यूपीएस द्यावा. डब्यात पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याचे सेटिंग असेल तर तेही चालू ठेवावे.

आयपी पत्ता डब्यात कोरून ठेवण्याचा मोह टाळावा. पत्ता डीएचसीपीने, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप, द्यावा आणि ठरावीक पत्ता हवाच असेल तर डीएचसीपी सर्व्हरवर त्या डब्याच्या मॅक पत्त्यासाठी राखून ठेवावा. डीएचसीपी पत्त्यासोबत इतर माहितीही क्रमांक दिलेल्या पर्यायांतून देऊ शकतो. नेटवर्कवरून सुरू होणाऱ्या डब्यांना पर्याय ६६ आणि ६७ मधून सर्व्हर आणि फाइल कळते. डेलच्या वाइज मालिकेतले थिनओएसचे डबे १६१ व्या पर्यायातून सेटिंग्जच्या फाइल सर्व्हरचा पत्ता, तर १६५ व्या पर्यायातून व्यवस्थापन सर्व्हरचा पत्ता घेतात. नवा डबा खोक्यातून काढून तार जोडली की स्वतःच कामाला लागतो, तो याच सोयीमुळे.

डब्याचे नाव मात्र विचारपूर्वक ठेवावे. ‘स्टोअर-२’, ‘गेट-१’, ‘प्रेस-४’ अशी जागेवरून नावे द्यावीत. रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात हे नाव सर्व्हरला कळते आणि कोणत्या जागेची चिठ्ठी कोणत्या प्रिंटरवर काढायची, हे त्यावरून ठरवता येते.

घड्याळाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि त्याची किंमतही सर्वाधिक मोजावी लागते. डब्यातली नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. मग सर्व्हरचे प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’ असे दिसते आणि जोडणी नाकारली जाते. विंडोजच्या डोमेनमध्ये कर्बेरोस पद्धत पाच मिनिटांहून जास्त फरक खपवून घेत नाही, आणि पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही. म्हणून कारखान्याच्या आतच एक वेळ-सर्व्हर ठेवून सगळ्या डब्यांना एनटीपीने त्याचीच वेळ घ्यायला लावावे. वेळेचा पट्टा साडेपाच तासांचाच निवडावा. घाईत पाच तासांचा निवडला आणि सत्र डब्याचा पट्टा उचलत असेल, तर पडद्यावरची वेळ अर्धा तास मागे पडते. पाळी बदलण्याच्या सुमाराची नोंद मग भलत्याच पाळीच्या खात्यात जाऊ शकते आणि त्याचा त्रास कामगाराला होतो.

जोडणीचे सेटिंग तुलनेने सोपे आहे. रिमोट डेस्कटॉपसाठी पोर्ट ३३८९, सिट्रिक्ससाठी १४९४ किंवा २५९८. सर्व्हर आकड्यांऐवजी नावाने लिहावा, म्हणजे यंत्र बदलले तरी डब्यांना हात लावावा लागत नाही. प्रमाणपत्राची सूचना येते म्हणून तपासणीच बंद करण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी दिसते. त्याऐवजी कंपनीचे मूळ प्रमाणपत्र डब्यांत घालावे.

कळफलकाचा प्रश्न मराठी मुलखात वेगळ्याच वाटेने येतो. रिमोट डेस्कटॉप साधारणपणे अक्षर नव्हे, कळीचा क्रमांक पाठवतो आणि त्याचे अक्षर सत्रात निवडलेल्या मांडणीनुसार ठरते. मराठी फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट मांडणी सर्व्हरवर असली की काम भागते, डब्यात त्यांची गरज नाही. बारकोड स्कॅनर मात्र स्वतःला कळफलक म्हणूनच ओळख देतो. सत्राची मांडणी मराठीवर राहिली, तर मालाच्या क्रमांकातल्या इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरे उमटतात आणि ईआरपी ‘असा माल नाही’ म्हणते. स्कॅनर असलेल्या जागी सुरुवातीची मांडणी इंग्रजी ठेवावी आणि मराठीकडे जाण्यासाठी वेगळी कळ द्यावी.

यूएसबीवर साठवणुकीची साधने बंद आणि कळफलक, स्कॅनर चालू, अशी साधी विभागणी पुरते. वजनकाट्याची गोष्ट वेगळी आहे. काट्याचा दर्शक बहुधा सीरियल तारेने आकडे पाठवतो, म्हणून डब्याचे कॉम पोर्ट सत्रात उपलब्ध करावे लागते आणि त्याचा वेग दर्शकाच्या वेगाशी तंतोतंत जुळवावा लागतो. कार्बन प्रतींची चलने अजून डॉट मॅट्रिक्सवर निघतात. अशा प्रिंटरचा ड्रायव्हर सर्व्हरवर बसवून डब्याने फक्त मजकूर पुढे ढकलावा, हे उत्तम.

विंडोजवर चालणाऱ्या थिन क्लायंटमध्ये राइट फिल्टर नावाचा पहारेकरी असतो. तो चालू असताना केलेला प्रत्येक बदल तात्पुरत्या थरात लिहिला जातो आणि पुन्हा सुरू करताच पुसला जातो. धुळीच्या आणि अचानक वीज जाणाऱ्या जागी हे मोठे संरक्षण आहे. पण रात्री मन लावून केलेले सेटिंग सकाळी गायब होते, ते यामुळेच. क्रम असा पाळावा : फिल्टर बंद, पुन्हा सुरू, बदल, फिल्टर चालू, पुन्हा सुरू. मायक्रोसॉफ्टच्या यूडब्ल्यूएफ या राइट फिल्टरमध्ये हा थर ठरवून न दिल्यास १०२४ एमबीचा असतो. तो भरला की डबा अडखळतो, त्यामुळे लॉग आणि तात्पुरत्या फाइलींची वाढ आवरावी.

यानंतर मध्यवर्ती व्यवस्थापन येते. डेल, एचपी, आयजेल यांची स्वतःची साधने आहेत. १९९९ मध्ये सुरू झालेल्या एलटीएसपी या मुक्त प्रकल्पात तर सर्व्हरवरची एक साधी मजकूर-फाइलच सगळ्या डब्यांना वळण लावते. गट जागेनुसार करावेत : गेट, स्टोअर, शॉप फ्लोअर, कार्यालय. नवे सेटिंग आधी एका डब्यावर, मग एका गटावर आणि शेवटी सगळीकडे लावावे. फर्मवेअर बदलताना डबा यूपीएसवर हवाच, कारण अर्धवट लिहिलेले फर्मवेअर घेऊन तो पुन्हा सुरू होईलच असे नाही. पाळी चालू असताना हे काम काढू नये.

बदल झाल्यावर प्रत्येक गटातल्या एका डब्याची तार उपसून वीज तोडावी आणि पुन्हा जोडावी. कोणी हात न लावता तो लॉगिनच्या पडद्यापर्यंत पोहोचतो का, वेळ बरोबर आहे का, स्कॅनरचा क्रमांक नीट उमटतो का आणि चलन आपल्याच प्रिंटरवर निघते का, हे पाहावे. ज्या डब्याला अपवाद म्हणून वेगळे सेटिंग द्यावे लागले, त्याची नोंद तारीख आणि कारणासह सर्व्हरच्या खोलीतल्या वहीत करावी.