राग ओळखणे आणि राग उमजणे

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे केवळ राग गिळणे नव्हे. मेयर व सॅलोव्ही या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली तिची चार अंगे साध्यापासून अवघडाकडे मांडली: भावना ओळखणे, तिचा विचाराला उपयोग करणे, ती समजणे व ती सांभाळणे.

ही अंगे सुटी नाहीत. आमच्या पिंगळीत पेरणीनंतर पाऊस लांबला, की घरोघरी वडिलांचा आवाज चढतो. फी मागणाऱ्या मुलाला राग ओळखता येतो. पण त्यामागची दुबार पेरणीची काळजी उमजली नाही, तर तो उलट बोलतो किंवा धुसफुसत बसतो. उमजली, तर त्याची स्वतःची धास्तीही कामी येते, तो विचारतो, "बाबा, बियाणं किती लागंल?" आवाज खाली येतो.

माझ्या मते, उमज नसलेला संयम ही नुसती घुसमट होय.